बिस्किटांच्या डब्यातला नूनो

४१२

आमांग दोमेंगने पेटती मेणबत्ती पाण्याच्या थाळीवर धरली आणि

आणि

थांबा. अडकलं.

नेरिसाच्या लॅपटॉपवरची तलवारवाली बाई एक पाय हवेत धरून गोठली होती. शत्रू तिच्याभोवती फिरला, तिला तीन वार घातले आणि पुढच्या कामाला निघूनही गेला. बाईला ते अजून कळायचं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात लाल आकडा होता, ४१२. त्याला पिंग म्हणतात. फिलिपिन्समधल्या सान पाब्लोच्या त्या गल्लीत महिनाभरात हा आकडा म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही पाठ झाला होता. आपण हाक मारली आणि पलीकडून ओ आली, एवढ्यात सेकंदाच्या हजार तुकड्यांपैकी किती तुकडे गेले, ते तो सांगतो. चाळीसच्या आत असेल तर खेळ. शंभराच्या वर गेला की वैताग. चारशे बारा म्हणजे सरळ मयत.

मंगळवारची दुपार. अंगणात चाळीसेक माणसं प्लास्टिकच्या स्टुलांवर, कठड्यावर, एकमेकांच्या खांद्यांवर. कोपऱ्यावरची दुकानवाली आलिंग बेबांग बर्फाच्या कांड्या विकत फिरत होती. मेणाचे थेंब थाळीत पडले, गोठले. मांत्रिक आमांग दोमेंगने बोट दाखवलं.

"ही टोपी. ही दाढी. नूनोच आहे! मागच्या अंगणातल्या वारुळातला म्हातारा. इंटरनेटवाल्यांनी खांब कुठे रोवला? वारुळाशेजारी. रोवताना कुणी 'ताबी-ताबी पो' म्हटलं? बाबा, जरा सरका, असं कुणी विचारलं?"

कुणीच विचारलं नव्हतं. चाळीस चेहरे अपराधी झाले.

"म्हणून म्हातारा तुमचा सिग्नल मुठीत धरून बसलाय!"

"टीचभर म्हाताऱ्याच्या मुठीत एवढा सिग्नल मावला कसा?" मागून लिगायाने विचारलं. लिगाया सरकारी शाळेत मुलांना संगणक दुरुस्ती शिकवायची. वय बावन्न. राग नाकावर.

"मॅम, मूठ लहान असते, पण पकड तुमच्या शाळेपेक्षा घट्ट."

हशा. बेबांग तर कांडी हातातून पडेपर्यंत हसली.

मग आमांगने निळा, गोल, बिस्किटांचा रिकामा डबा पुढे केला. "नूनोला शांतता लागते. दोन्हीकडच्या बारा घरांत इंटरनेटच्या लुकलुकणाऱ्या पेट्या असतील, त्या सगळ्या बंद करा. त्याला डोळे मिचकावणारी वस्तू खपत नाही. बेबांग, तुझी नाणं टाकलं की वायफाय देणारी पेटीसुद्धा. आणि मोबाईल सगळे बंद करून या डब्यात. फक्त या मुलीची पेटी आणि हा लॅपटॉप चालू राहील."

पेट्या बंद झाल्या. मोबाईल डब्यात पडले, एकावर एक, चर्चच्या थाळीतल्या पैशांसारखे. आमांग डोळे मिटून मोडक्या लॅटिनमध्ये पुटपुटू लागला.

४१२.

३००.

१४०.

१८.

तलवारवाली बाई धावू लागली. अंगणात असा ओरडा झाला की शेजारचे कोंबडे भर दुपारी आरवले. नेरिसाची आई पासिंग गुडघ्यांवर बसली आणि तिने आमांगचा हात कपाळाला लावला, त्यात दक्षिणेच्या नोटा ठेवल्या.

लिगायाने आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. त्रास तोच होता. खोटं असतं तर सोपं होतं.

३९०

तासाभरात आकडा पुन्हा तीनशे नव्वदवर गेला.

"अर्धाच सुटलाय, असं आमांग म्हणाला," पासिंग भात ढवळत म्हणाली. "शुक्रवारी चार वाजता येतोय. तेव्हा लॅपटॉप घेऊन जाईल. नऊ दिवस डोंगराखाली, त्याच्या वेदीशी ठेवणार."

"आते, निवड शनिवारी आहे!" लिगाया थोरल्या बहिणीवर ओरडली. "शनिवारी तीन वाजता! नऊ दिवसांनी लॅपटॉप आणून काय त्यात कपडे इस्त्री करणार?"

"ओरडू नकोस. आमांग म्हणतो, उसना लॅपटॉप आणला तर म्हातारा त्यात शिरेल."

निवड म्हणजे काय ते त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. नेरिसा चोवीस वर्षांची. खोबऱ्याच्या कारखान्यात खोकी भरायची आणि संध्याकाळी खेळायची. मनिलातल्या एका महिला संघाने तिला चाचणीला बोलावलं होतं. निवड झाली तर संघाच्या घरात राहायचं, पगार घ्यायचा, खेळायचं. पण नियम कडक होता: सिग्नल तुटून सामन्यातून तीनदा बाहेर फेकली गेलीस तर नाव कापलं. दोनदा फेकली गेली होती. दोन्ही वेळा ती जिंकत होती.

"नेरिसा, तू तरी बोल," लिगाया म्हणाली.

नेरिसाने ताट बाजूला सारलं आणि मावशीकडे पाहिलं. "काय बोलू, तिता? तुझ्या शास्त्राने महिनाभरात काय केलं? वायर आणलीस, तर लॅपटॉपची खोबणच मोडकी निघाली. कंपनीला सतरा फोन केलेस, त्यांनी नवी पेटी दिली. नवी पेटी, जुना आकडा. तू मला सांगितलंस, धीर धर. आमांगने दहा मिनिटांत अठरावर आणला. दहा मिनिटांत! मला काही नूनो बिनो नको आहे. मला अठरा हवाय. जो देईल त्याच्या पाया पडेन."

शिक्षकाला उत्तर नसलं की तो रागावतो. ती दार आपटून निघून गेली आणि मग परत येऊन विसरलेली छत्री घेऊन गेली, त्यामुळे आपटण्याचा परिणामही गेला.

दरम्यान पासिंगने लॅपटॉप लाल कापडात गुंडाळला, सांतो निन्योच्या म्हणजे बाळ येशूच्या मूर्तीखालच्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या माळेला बांधली.

२२, ३७०, ४०५, २५

(हे नेरिसाच्या वहीचं पान आहे. नूनो कधी चिडतो ते लिहून ठेव, असं आमांगनेच तिला महिन्यापूर्वी सांगितलं होतं. गुरुवारी शाळेच्या शिक्षक-खोलीत लिगाया ते वाचत होती, उत्तरपत्रिका तपासायच्या सोडून.)

रविवार, सकाळी ८. पिंग २२. शांत.
रविवार, दुपारी १. ३७०.
सोमवार, संध्याकाळी ५. ४०५. खूप राग.
मंगळवार, संध्याकाळी ५. ३८८.
बुधवार, संध्याकाळी ६. २५. शांत! का?
बुधवार, साडेसात. ३९८.
शनिवार, दुपारी १२. १९. एकदम शांत. आईने जेवायला हाक मारली नाही, घरी कुणीच नव्हतं.

लिगाया तिथेच थांबली. घरी कुणीच नव्हतं.

शनिवारी बारा वाजता घरी कुणीच का नव्हतं? कारण त्या दिवशी मुष्टियुद्ध होतं आणि अख्खी गल्ली बास्केटबॉलच्या मैदानावर मोठ्या पडद्यासमोर होती. रविवारी आठला? मिस्सा. बुधवारी सहाला? नोवेना. गल्लीतली सगळी माणसं चर्चमध्ये, पेट्या रिकाम्या, मोबाईल खिशात. आणि एकटी नेरिसा घरी खेळत बसलेली.

"म्हणजे नूनो दर रविवारी मिस्साला जातो," ती मोठ्याने म्हणाली. "बुधवारी नोवेनालाही. बाप्तिस्मा झालेला दिसतोय."

शेजारचे गणिताचे सर दचकले. "कोण?"

"कुणी नाही. सर, एक सांगा. एक अरुंद बोळ आहे. रोज संध्याकाळी त्यातून चाळीस तिचाकी गाड्या एकदम घुसतात आणि सगळं तुंबतं. एक माणूस येतो, सगळ्यांना गाड्या घरी ठेवायला सांगतो, मग मंत्र म्हणतो आणि बोळ मोकळा झाला म्हणून दक्षिणा घेतो. त्याला काय म्हणाल?"

"नगरसेवक," सर म्हणाले.

मग आणखी एक प्रश्न राहिला. नेरिसाची नवी पेटी दोन बोळ देत होती: एक जुना, अरुंद, ज्यात सगळी गल्ली घुसते, आणि दुसरा रुंद, जवळजवळ रिकामा. मोबाईलवर वायफायची दोन्ही नावं दिसायची. लॅपटॉपवर एकच. लिगायाने ते पूर्वी पाहिलं होतं आणि लक्ष दिलं नव्हतं. तिने कपाळावर हात मारला. पेटी नव्हे, खांब नव्हे, म्हातारा नव्हे. लॅपटॉपच्या पोटातलं वायफायचं कार्ड जुनं होतं. त्याला दुसरा बोळ दिसतच नव्हता. जो धडा ती दर वर्षी जूनमध्ये फळ्यावर लिहायची, तोच स्वतःच्या भाचीच्या घरात तिला दिसला नव्हता. राग आता कुणावर काढायचा, हाच प्रश्न.

शाळा सुटल्यावर ती बाजारात गेली. दुकानदाराने कार्ड दाखवण्याआधी आठ शिंगांची, खेकड्यासारखी काळी पेटी पुढे ठेवली. "मॅम, खास खेळाडूंसाठी. लाल दिवा लागला की लॅग पळतो, खेळ अडकत नाही."

"दिवा पाहून?"

"अं... वेग वाढतो मॅम."

"तुमचा आणि आमांग दोमेंगचा काही नातेसंबंध आहे का?"

तिने दोन बोळ ओळखणारं कार्ड घेतलं. टपालाच्या तिकिटापेक्षा थोडं मोठं. लॅपटॉपला त्याची ओळख करून देणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेतला. बारीक पेचकस पर्समध्ये होताच. पंचवीस वर्षं असतो.

गुपचूप बदलता आलं असतं. पण किल्ली पासिंगच्या गळ्यात होती.

शुक्रवार, चार वाजता

अंगण पुन्हा भरलेलं. आमांगने पांढरा सदरा घातला होता. पासिंगने कपाट उघडलं, लाल कापड सोडलं, लॅपटॉप मेजावर ठेवला. लाल आकडा: ३९६.

आमांगने डबा उघडला. "मोबाईल."

"एक मिनिट," लिगाया म्हणाली. "आज डबा नको. मोबाईल सगळ्यांच्या हातात राहू द्या, पेट्या चालू राहू द्या. तुम्ही तुमची प्रार्थना म्हणा. तुमची प्रार्थना खरी असेल तर आकडा खाली येईलच."

"नूनोला शांतता लागते, मॅम."

"तुमच्या प्रार्थनेपेक्षा बेबांगची नाण्यांची पेटी जास्त ताकदवान आहे का?"

"अरे हो," बेबांग म्हणाली आणि पहिल्यांदाच जरा विचारात पडली.

"लिगाया, गप्प बस!" पासिंग कळवळली. "तो चिडेल!"

"कोण, आमांग की नूनो?"

आमांग शांत हसला. "शिकलेल्या बायांचा हाच रोग. सगळं तपासायचं. मॅम, देवाची परीक्षा घेतात का?"

"देवाची नाही. तुमची. बरं, दुसरी परीक्षा. बंद करा सगळं, डब्यात टाका मोबाईल. पण तुम्ही तोंड बंद ठेवायचं."

गर्दीला हे आवडलं. गर्दीला नेहमीच दुसऱ्याची परीक्षा आवडते. पेट्या बंद झाल्या, डबा भरला. आमांग हाताची घडी घालून उभा राहिला.

"प्रार्थना कोण म्हणणार?" कुणीतरी विचारलं.

"बेबांग म्हणेल," लिगाया म्हणाली. "म्हण, काहीही."

"काय म्हणू? मला लॅटिन येतं का?"

"दुकानाची यादी म्हण."

बेबांगने घसा साफ केला. डोळे मिटले. आणि अगदी आमांगच्या सुरात सुरू केलं: "व्हिनेगर दोन बाटल्या... सार्डिन सहा डबे... शॅम्पूच्या पुड्या तीन डझन... आणि तोनियो, उधारी द्यायचीस तर दे..."

३९६.

२१०.

६४.

१९.

मागून कुणीतरी म्हणालं, "आमेन," आणि सगळे फुटले. हसून हसून एक बाई स्टुलावरून घसरली. तोनियो तेवढा हसला नाही.

"हे माझ्या मंगळवारच्या प्रार्थनेचं पुण्य!" आमांग ओरडला. "तुम्हाला काय कळतं? एका चॅनलवर चाळीस यंत्रं गर्दी करतात, तेव्हा नूनोला—"

तो थांबला.

लिगाया पुढे आली. आवाज अगदी हळू. "आमांग, चॅनल म्हणालात. नूनोने तुम्हाला चॅनल कधी शिकवला?"

आमांगने डबा जवळ ओढला.

"मी सांगतो," आलिंग बेबांगचा नवरा म्हणाला. गरीब माणूस, एरवी बोलायचा नाही. "हा बारा वर्षं इंटरनेटच्या तारा ओढायचा. आमच्या मेहुण्याच्या टोळीत होता. मला वाटलं, सोडून देवाच्या कामाला लागला. चांगलं केलंन, म्हटलं."

"तुम्हाला माहीत होतं?" नेरिसा आमांगसमोर उभी राहिली. "तुम्हाला माहीत होतं की गर्दीमुळे होतंय? आणि माझा लॅपटॉप नऊ दिवस... उद्या माझी निवड आहे हे तुम्हाला माहीत होतं!"

आमांगने पासिंगकडे पाहिलं. पासिंगने मान फिरवली.

"चालू करा सगळं," लिगाया म्हणाली. "मोबाईल घ्या. लाइव्ह व्हिडिओ सुरू करा. प्रत्येकाने. मला गर्दी हवी आहे."

चाळीस मोबाईल उठले. आकडा चढला: १६०, ३०१, ४२७. महिन्यातला सर्वात वाईट आकडा. बरोबर.

तिने लॅपटॉप बंद केला, पालथा घातला, पेच काढले, आधी बॅटरीची तार सोडली. पोट उघडं पडलं. जुनं कार्ड एका स्क्रूने बसलेलं, वर केसाएवढ्या दोन तारा, एक काळी, एक पांढरी. तिने नखाने तारा सोडल्या, स्क्रू काढला, आणि स्क्रू पडला.

अर्थात.

चाळीस माणसं गुडघ्यांवर. स्क्रू बेबांगच्या चपलेखाली सापडला. नवं कार्ड बसलं, काळी तार टच्, पांढरी तार—बसल्यासारखी वाटली. झाकण, बॅटरी, पेन ड्राइव्ह. यादीत दोन्ही नावं दिसली! दुसरं निवडलं. आकडा: २४०. मग तुटलं. मग २८०.

"बघा!" आमांगला आवाज परत मिळाला. "म्हातारा चिडला! वारुळातल्याच्या वस्तूला हात लावला!"

गर्दी मागे सरली. पासिंगने क्रूसाची खूण केली. नेरिसा मेजाची कड धरून उभी होती.

लिगायाला ओरडावंसं वाटलं. आमांगवर, गर्दीवर, अडकणाऱ्या बारीक तारेवर, पंचवीस वर्षांच्या जून महिन्यांवर. तिने ओरडण्याऐवजी झाकण पुन्हा उघडलं. पांढरी तार अर्धवट बसली होती. तिने नेरिसाचं बोट धरलं आणि त्या टोकावर ठेवलं.

"दाब. अजून. भिऊ नकोस, तुटणार नाही. टच् ऐकू आलं पाहिजे."

टच्.

झाकण. बॅटरी. दुसरा बोळ.

चाळीस मोबाईल लाइव्ह. बारा घरांच्या पेट्या चालू. बेबांगच्या पेटीत कुणीतरी नाणंही टाकलं, आवाज झाला. कुणी प्रार्थना म्हणत नव्हतं.

२१

आकडा हललाच नाही. एकवीस. एकवीस. बावीस. एकवीस.

आमांग दोमेंग गर्दीतून वाट काढत निघाला. डबा मेजावरच राहिला. तो न्यायची त्याला आठवण झाली नाही की धीर, ते कुणी विचारलं नाही.

शनिवारी तीन ते साडेसहा नेरिसा खेळली. मागच्या खोलीत पासिंग माळ जपत होती. लिगायाने तिला थांबवलं नाही, एवढंच म्हणाली, "आते, जप चालू दे. पेटी तेवढी बंद करू नकोस." तलवारवाली बाई एकदाही गोठली नाही. तीनपैकी दोन सामने नेरिसा हरली. स्वतःच्या हाताने हरली, आकड्यामुळे नाही. संघाने तिला राखीव खेळाडू म्हणून घेतलं. ती त्यावर एवढी रडली की आधी सगळ्यांना वाटलं नाव कापलं गेलं.

आणि इथे गोष्ट संपली असती, तर लिगायाला त्या रात्री झोप लागली असती. पण सोमवारी ती बेबांगच्या दुकानावरून जात होती तेव्हा नाण्यांच्या पेटीवर लाल दोऱ्यात काहीतरी लटकताना दिसलं.

नेरिसाच्या लॅपटॉपमधलं जुनं कार्ड.

"बेबांग, हे काय आहे?"

"मॅम, तुमचा हात लागलेलं आहे ना ते. नेरिसाकडून मागून आणलं. कालपासून गिऱ्हाईक वाढलंय."

लिगायाने छत्री मिटली, उघडली, पुन्हा मिटली. "बेबांग, हे बिघडलेलंही नाही. फक्त जुनं आहे. यात काहीही नाही."

"मग गिऱ्हाईक का वाढलं?"

"काल किती नाणी पडली?"

"बरीच."

"बरीच म्हणजे किती? परवा किती? लिहिलंस?"

"नाही."

"मग लिही. दोन आठवडे दोरा ठेव, दोन आठवडे काढ. रोजची नाणी मोज. मग मला सांग."

बेबांगने डोळे बारीक केले. "आणि दोऱ्याच्या आठवड्यांत जास्त पडली तर?"

"तर त्या आठवड्यांत आणखी काय काय झालं होतं ते शोधू. कुठे मुष्टियुद्ध होतं, कुणाच्या घरची पेटी बंद पडली होती."

"आणि तरीही कळलं नाही तर?"

"तर मी म्हणेन, मला माहीत नाही. आमांगने ते एकदा तरी म्हटलं होतं का?"

वाचकहो, तुमच्या गल्लीत कुणी मेणबत्ती घेऊन येईल तेव्हा त्याच्या मेणबत्तीकडे पाहू नका. हात जोडण्याआधी एवढंच विचारा: याने चमत्काराआधी आपल्याकडून काय काय बंद करून घेतलं? ते चालू करा आणि मग त्याला पुन्हा करून दाखवायला सांगा. जो खरा असेल तो तिथेच थांबेल, पळणार नाही.

बेबांगने गल्ल्याखालून उधारीची वही काढली, कोरं पान उघडलं आणि तारीख घातली. दोरा मात्र तिने काढला नाही. पहिले दोन आठवडे दोऱ्याचे होते.